अजिंक्यताऱ्यावरचा ताराराणींचा पडका वाडा कसा बघावा

साताऱ्यात गोडोलीला माझं घर, धंदा गवंड्याचा. पाहुणे आले की त्यांना अजिंक्यतारा गडावर नेतो. ताराराणींच्या वाड्यापाशी पोचलं की सगळे एकच म्हणतात, "इथं तर काहीच उरलं नाही." ते भिंती शोधत असतात. तुम्ही जोतं शोधा.

आपल्याकडचा जुना वाडा म्हणजे खाली घडीव दगडाचं जोतं, वर लाकडी खांब नि विटा-मातीच्या भिंती. छप्पर गेलं की पाणी भिंतीत मुरतं, माती वाहते, लाकूड कुजतं नाहीतर कुणी नेतं. दगड तेवढा राहतो. म्हणून वाड्याचा नकाशा खाली, जमिनीवरच वाचायचा.

पाऊस उघडल्यावर, नोव्हेंबरात जा, आणि सकाळी सातलाच वर असा. तिरप्या उन्हात चार बोटं उंचवट्याचीही सावली पडते; दुपारी तीच जागा सपाट दिसते. गवतही बघा. खाली पाया असला की वर माती थोडी, ओल टिकत नाही, तिथलं गवत आधी पिवळं पडतं. सरळ रेघेत पिवळं दिसलं तर खाली भिंत आहे असं धरा.

दरवाज्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. आत हनुमानाचं देऊळ, मग डाव्या वाटेनं महादेव, प्रसारभारतीचे टॉवर, पुढं मंगळाई देवीच्या देवळाची पाटी. त्याच वाटेवर वाडा आहे.

आधी एक कोपरा धरा. कोपऱ्याचा चिरा बाकीच्यांपेक्षा मोठा नि नीट घडवलेला असतो. तिथून पावलं मोजत कडेनं फिरा, कागदावर मांडा. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, सापडला तर त्याच ओळीत, तेवढ्याच अंतरावर दुसरा शोधा. दोन ओळी जुळल्या की तुम्ही सोप्यात, म्हणजे वाड्याच्या ओसरीत, उभे आहात. मी तिथं थोडा वेळ बसतो. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला, आणि १७५० मध्ये पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी शाहूंच्या नंतरचे छत्रपती रामराजे यांना याच गडावर कैदेत ठेवलं. एवढ्या वयाची बाई नि एवढी जिद्द!

वाटेच्या शेवटी मंगळाईचा बुरूज आहे, तो चुकवू नका. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं सुरुंग लावले. त्यातला दुसरा उलटला नि तट मोगलांवरच कोसळला. तटावरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडा ओळखा. माहुलीचा संगम उतरल्यावर बघा. ताराबाईंची समाधी तिथं आहे.

पाणी खालूनच न्या, उन्हाळ्यात तळ्यांचा भरवसा नाही. आणि दगड हलवू नका. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी जोत्याचे तीन चिरे उचलून चूल मांडली होती. राख झाडून ते परत बसवायला गेलो, पण कुठला चिरा कुठला, हे तीस वर्षं हेच काम करूनही मला ओळखता आलं नाही.