नळ कोरडा, मग धरण किती भरलंय ते बघा

बेळगावात नळ लांबला की पहिला प्रश्न असतो, धरणात पाणी नाही का? उत्तर स्वतः शोधता येतं. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र रोज जलाशयांचा साठा जाहीर करतं. त्यात बेळगावला पाणी देणारं हिडकल धरण 'घटप्रभा' नावाने शोधा. पूर्ण क्षमता ५१ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). आजचा आकडा गेल्या वर्षीच्या याच तारखेशी ताडून बघा. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका, तळाचा मृतसाठा, म्हणजे बाहेर काढता न येणारं पाणी, वगळून उरतं तेच हक्काचं पाणी.

आता मागणी. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा मान्य निकष आहे. ५ लाख वस्ती धरली तर रोज पावणेसात कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, म्हणजे वर्षभराची गरज एका टीएमसीच्याही आत! गळती धरून थोडी वाढेल, पण हिडकलचं बहुतेक पाणी शेतीला जातं हे इथेच लख्ख दिसतं. शहराला पाणी देणारा दुसरा जलाशय राकसकोप लहान आहे, त्याचा साठा पावसावर लगेच हलतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

खेड्यात जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर आहे. ग्रामसभेत जाताना लोकसंख्येला ५५ ने गुणून कागद सोबत न्या. धरण भरलेलं असूनही नळ कोरडा असेल, तर पंप, जलवाहिनी आणि वाटपाच्या वेळापत्रकाबद्दल विचारा.