नुसता आकडा परत करताय? एरर हाताळताना या चुका टाळा

लॉगमध्ये फक्त ‘एरर ११’ असेल, तर आधी विचारावं लागतं: मशीन कोणतं? नेहमीच्या लिनक्सवर ११ म्हणजे ई-अगेन, थोड्या वेळाने पुन्हा करून बघा. मॅकओएसवर ११ म्हणजे डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत अडकणं), आणि ई-अगेनचा आकडा ३५. लॉगमध्ये नाव लिहा.

सी भाषेत हे आकडे ‘एर्नो’मध्ये ठेवले जातात, आणि या एर्नोची आणखी एक खोड आहे. फंक्शन यशस्वी झालं म्हणून तो शून्य होत नाही. आधी रिटर्न व्हॅल्यू तपासा. अपयश दिसलं तरच एर्नो वाचा आणि लगेच व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. मध्ये एखादं प्रिंटएफ किंवा क्लोज आलं की मूळ कारण पुसलं जाऊ शकतं. पीथ्रेड या थ्रेड लायब्ररीची फंक्शन्स तर एर्नोच्या भानगडीत पडत नाहीत, आकडा थेट परत करतात.

सगळ्यात महाग पडतं ते तपशील गाळणं. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ५ म्हणजे ‘बिझी’, दुसरं कनेक्शन आड येतंय. बहुतेक जण टाइमआउट वाढवतात नि लूप लावतात. पण विस्तारित कोड (त्याच एररचा जास्त तपशील देणारा आकडा) ५१७ असेल तर कितीही थांबा, उपयोग नाही: वॉल (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी लॉगमध्ये लिहिणाऱ्या) मोडमध्ये तुमचं ट्रान्झॅक्शन डेटाचा जुना स्नॅपशॉट धरून बसलंय आणि तेवढ्यात दुसऱ्या कनेक्शनने लिहून टाकलंय. रोलबॅक करा, वाचन नव्याने करा. लिहायचंय हे आधीच ठाऊक असेल तर लिहिण्याचं लॉक आधीच घेणाऱ्या ‘बिगिन इमिजिएट’नेच सुरुवात करा. ५१७ चे खालचे आठ बिट म्हणजे ५; विस्तारित कोड चालू केले नाहीत तर हाती तेवढेच येतात. १९, म्हणजे कन्स्ट्रेंट (डेटावरचा नियम) मोडला, याचंही तसंच: विस्तारित कोड २०६७ युनिकचा, ७८७ फॉरेन कीचा.

आकड्यांना कंटाळून काही जण थेट मेसेजमधला मजकूर शोधतात. हे त्याहून वाईट. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सर्व्हरची भाषा बदलली की मेसेज बदलतो. युनिकचा नियम मोडल्याचा २३५०५ हा कोड मात्र तोच राहतो, आणि ९.३ आवृत्तीपासून कन्स्ट्रेंटचं नावही वेगळ्या फील्डमध्ये मिळतं.

स्वतःच्या लायब्ररीत कोड, चाललेलं काम, कोणती फाइल किंवा की, आणि खालच्या थरातलं मूळ कारण, एवढं एका स्ट्रक्टमध्ये ठेवा. कोड प्रोग्रामसाठी, मेसेज माणसासाठी. स्ट्रक्ट कोणी फ्री करायचं ते हेडरमध्येच लिहा. आणि मेमरी संपल्याचा एरर मॅलॉक करून, म्हणजे नवी मेमरी मागून, बनवू नका. त्यासाठी एक स्टॅटिक ऑब्जेक्ट आधीच तयार ठेवा, आणि तो चुकून फ्री होणार नाही याची तपासणी फ्री करणाऱ्या फंक्शनमध्ये घाला.