विहिरीचे पाणी वरूनही बिघडते
खासगी विहिरीचे पाणी अनेकदा झऱ्यांमुळे नव्हे, तर वरून आत झिरपणाऱ्या सांडपाण्यामुळे दूषित होते. म्हणून कठड्याला किंवा भोवतालच्या चौथऱ्याला भेगा दिसताच त्या सिमेंटने बुजवाव्यात आणि चौथऱ्याचा उतार विहिरीपासून बाहेरच्या बाजूला ठेवावा. झाकण अर्थातच घट्ट हवे. वर्षातून किमान एकदा प्रयोगशाळेत कोलिफॉर्म जिवाणू (पाण्यात मैला-सांडपाणी मिसळल्याची खूण) आणि नायट्रेट (खते व सांडपाण्यातून येणारा क्षार) यांची तपासणी करून घ्यावी, कारण नितळ दिसणाऱ्या पाण्यातही दोन्ही असू शकतात, आणि उकळल्याने जिवाणू मरत असले तरी नायट्रेट नाहीसे होत नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. पुराचे पाणी विहिरीत शिरल्यास उपसा व क्लोरीनने निर्जंतुकीकरण करून, तपासणीचा निकाल येईपर्यंत विहिरीचे पाणी पिऊ नये.