जुनं फ्रेंच कोपऱ्याचं कपाट घ्यायच्या आधी कसं तपासायचं

सोळाव्या लुईच्या काळातलं, म्हणजे १७७४ ते १७९२ मधलं कोपऱ्याचं कपाट, फ्रेंच लोक ज्याला आंकोन्यूर म्हणतात, ते समोर आलं की सगळे आधी दारावरची मार्केट्री, म्हणजे रंगीत लाकडाच्या पातळ तुकड्यांची नक्षी, आणि वर बसवलेलं सोनेरी ब्रॉन्झच बघत बसतात. माझं ऐकाल तर दर्शनी भाग सगळ्यात शेवटी बघा. नक्कल करणारा आपली सगळी हुशारी तिथेच खर्च करतो, मागच्या बाजूला त्याचा हात आखडतो.

आधी पाठ बघा. भिंतीला लागणाऱ्या दोन बाजू बहुतेकदा ओकच्या साध्या फळ्यांच्या असतात. त्यावरून तळहात फिरवा, हाताने रंधा मारलेला असेल तर हलके उंचसखल पट्टे जाणवतात. टॉर्च आडवा धरला की गोलाकार ओरखडे दिसले तर ती फळी गोल करवतीने कापलेली, म्हणजे नंतरची. पण फळी दुरुस्तीत बदललेलीही असू शकते त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.

मग वरचा संगमरवर उचला. दोघांनी मिळून, आणि काढल्यावर उभाच धरायचा, आडवा नेला तर स्वतःच्याच वजनाने तुटतो. त्याच्याखाली, सांगाड्याच्या वरच्या कडेवर कारागिराचा शिक्का शोधा. पॅरिसच्या कारागिरांच्या संघाने नावाचा शिक्का सक्तीचा केला होता, शेजारी जे एम ई ही अक्षरं म्हणजे संघाची तपासणी झाली. हा संघ १७९१ मध्ये बंद झाला. शिक्का नाही म्हणून लगेच नाराज होऊ नका, राजासाठी काम करणाऱ्यांना त्यातून सूट होती. उलट त्या काळच्या नामवंत कारागिराचं, रिझनेरसारखं मोठं नाव दिसलं की जास्तच सावध व्हा, खोटे शिक्के भरपूर मारलेत. भिंगातून बघा, अक्षरांच्या खाचेत जुना मळ बसलाय की आतलं लाकूड ताजं दिसतंय.

आता व्हीनिअर, म्हणजे सांगाड्यावर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा पातळ थर. त्या काळी ते हाताने करवतून काढायचे, म्हणून एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतं. दाराच्या कडेला किंवा जिथे टवका उडालाय तिथे जाडी दिसते, कागदासारखं पातळ असेल तर ते मशीनचं. अजून एक, ट्युलिपवूड नावाचं गुलाबीसर लाकूड आणि रंगवलेली लाकडं उजेडाने फिकी पडतात, त्यामुळे ब्रॉन्झचा एखादा तुकडा स्क्रू काढून अलगद उचलायची परवानगी मिळाली तर बघाच, खाली मूळ गुलाबी किंवा हिरवा अजून टिकलेला असतो आणि बाहेरच्या तपकिरी दारावर कधीकाळी किती रंग होते ते कळतं. बघून खरंच जीव हरखतो!

तोच ब्रॉन्झचा तुकडा हातात असताना त्याच्या नक्षीतल्या पानांच्या शिरा बघा, ओतल्यानंतर छिन्नीने कोरलेल्या शिरा धारदार लागतात. सोनं पाऱ्यात मिसळून लावायचे आणि तापवून पारा उडवायचे, त्या वाफेने कारागीर आजारी पडायचे. चांगल्या कामात एकाच पानावर मॅट आणि चकचकीत असे दोन्ही भाग मुद्दाम ठेवलेले असतात. सगळं एकसारखं पिवळंधमक दिसलं तर तो १८४० नंतरचा विजेचा मुलामा असायची शक्यता जास्त. आणि घरी आणल्यावर त्याला पितळेचं पॉलिश अजिबात लावू नका, सोनं निघून जातं, कोरडा मऊ ब्रश पुरे.