सिकलसेल असलेल्या मुलांची आकलन-तपासणी आणि शाळेतली मदत: पालक व शिक्षकांसाठी

सिकलसेल असलेले मूल अभ्यासात मागे पडू लागले की घरी आणि शाळेत बहुधा एकच कारण सांगितले जाते: आजारपणामुळे शाळा बुडते. हे कारण खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ज्यांची शाळा फारशी बुडालेली नाही आणि ज्यांना कधी पक्षाघातही झालेला नाही, अशा मुलांतही लक्ष टिकवणे, ऐकलेली माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणे, कामाचा वेग राखणे आणि कामाची आखणी करणे या बाबतींत अडचणी आढळतात. वय वाढते तशी समवयस्कांशी असलेली ही तफावत अनेकदा वाढत जाते. त्यामुळे गुण घसरण्याची वाट पाहून मग तपासणी करणे म्हणजे दोन-तीन वर्षे हातची घालवणे होय. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तपासणीचा अहवाल दवाखान्याच्या फाइलमध्येच राहिला आणि वर्गात काहीच बदलले नाही, तर ती तपासणी झाली काय आणि न झाली काय, मुलाला सारखेच.

मेंदूपर्यंत आजार कसा पोहोचतो

सिकलसेलमधील हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते, त्यामुळे तांबड्या पेशी ताठर व विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. रक्त कायमच कमी असल्यामुळे मेंदू आपल्याकडे येणारा रक्तप्रवाह वाढवून भरपाई करतो. म्हणजे निरोगी मुलाचा मेंदू अडचणीच्या वेळेसाठी जी ताकद राखून ठेवतो, ती या मुलाचा मेंदू रोजच खर्च करत असतो. अशात ताप आला, छातीचा आजार झाला किंवा झोपेत ऑक्सिजन उतरला, तर वाढवायला काही शिल्लक उरत नाही. पाटाचे पाणी कमी झाले की शेवटच्या वाफ्याला सर्वांत आधी तोटा पडतो, तसेच मेंदूतही होते. दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दी जिथे मिळतात, त्या पुढच्या खंडांतील खोल पांढऱ्या भागात इजेची सुरुवात अधिक होते, आणि लक्ष, वेग व नियोजन ही कामे बऱ्याच अंशी याच भागातील जोडण्यांवर चालतात.

या इजेचे बाहेरून काहीच लक्षण दिसले नाही, तर तिला सायलेंट इन्फार्क्ट म्हणतात. तिचे प्रमाण थोडेथोडके नाही. एचबी-एसएस प्रकारच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचे जनुक आलेल्या मुलांपैकी सुमारे ३९ टक्के मुलांत ती वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत एमआरआयवर दिसते. उघड पक्षाघाताचे प्रमाण, प्रतिबंधक तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या काळात, २० व्या वर्षापर्यंत सुमारे ११ टक्के होते. सायलेंट हे नाव मात्र फसवे आहे. हात-पाय नीट चालतात एवढ्यापुरतीच ती इजा मूक असते. वर्गात ती बोलत असते.

डॉपलर नॉर्मल आहे, मग काळजी कशाची?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. एचबी-एसएस आणि एचबी-एस-बीटा-शून्य (एक जनुक सिकलचे, दुसरे बीटा थॅलेसेमियाचे) प्रकारच्या मुलांसाठी २ ते १६ या वयात दरवर्षी ट्रान्सक्रेनियल डॉपलर करावे, अशी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटोलॉजीची २०२० ची शिफारस आहे. या तपासणीत मेंदूच्या मोठ्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉप नावाच्या उपचार-चाचणीने दाखवून दिले. त्यामुळे डॉपलर चुकवू नये. परंतु डॉपलर मोठ्या धमन्यांबद्दल सांगते. सायलेंट इन्फार्क्ट त्यातून कळत नाही आणि मुलाला भागाकार का जमत नाही, हे तर मुळीच कळत नाही. शाळेत जाऊ लागलेले मूल भूल न देता यंत्रात स्थिर पडू शकेल इतके मोठे झाले की किमान एकदा एमआरआय करावा, असेही याच मार्गदर्शनात सुचवले आहे. एमआरआयमध्ये इन्फार्क्ट आढळल्यास नियमित रक्त देण्याचा विचार डॉक्टर पालकांशी बोलून करतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका उपचार-चाचणीत अशा उपचाराने नव्या इन्फार्क्टचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले होते. याउलट, एमआरआय स्वच्छ असूनही शिकण्यात अडचण असू शकते, म्हणून आकलनाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी लागते.

पहिली चाळणी: नेमके प्रश्न

नियमित भेटीत डॉक्टर विचारतात, अभ्यास कसा चालला आहे, आणि उत्तर येते, ठीक आहे. या प्रश्नोत्तरातून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी वर्षातून किमान एकदा थेट प्रश्न विचारावेत. मूल कोणत्या विषयात नापास झाले आहे का, किंवा एखाद्या इयत्तेत पुन्हा बसले आहे का? पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट आता जमेनाशी झाली आहे का? तीन कामे एकदम सांगितली तर किती लक्षात राहतात? गृहपाठाला वर्गातल्या इतर मुलांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो का? लहान मूल असेल तर बोलणे, चालणे, वस्तू धरणे वयानुसार आहे का? शिक्षकांनी कधी लक्ष नाही, आळशी आहे, स्वप्नात असतो असा शेरा दिला आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर काळजीचे आले, तर पुढची तपासणी करावी.

भेटीला जाताना मागच्या तीन महिन्यांच्या वह्या घेऊन जाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. गणिताच्या वहीत पहिली सहा उदाहरणे सुवाच्य आणि बरोबर असतील आणि उरलेली चार कोरी असतील, तर मुलाला गणित येत नाही असा त्याचा अर्थ नसतो; वेळ किंवा दम पुरला नाही असा असतो. फळ्यावरून उतरवलेली वाक्ये मध्येच तुटलेली असतील, तर डोळे वर-खाली होईपर्यंत मजकूर डोक्यातून निसटतो आहे, किंवा मुलाला फळाच नीट दिसत नाही. प्रगतिपुस्तकातल्या एका आकड्यापेक्षा अशी चार पाने तज्ज्ञाला पुष्कळ अधिक सांगतात.

तीन वर्षांखालील मुलांसाठी विकासाच्या टप्प्यांच्या प्रमाणित प्रश्नावल्या असतात, त्या पालक भरू शकतात. मोठ्या मुलांसाठी लक्ष, स्मृती व वेग मोजणाऱ्या छोट्या चाचण्या आणि रोजच्या वागण्यातील नियोजनावरच्या प्रश्नावल्या वापरतात. त्यांपैकी एक प्रत शिक्षकांनी भरावी, कारण घरचे मूल आणि वर्गातले मूल वेगळे असू शकते. हे सर्व चाळणीपुरते असते, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या मुलाची सविस्तर चाचणी न्यूरोसायकॉलॉजिस्टने (मेंदू आणि आकलन-वर्तन यांच्या संबंधाचा तज्ज्ञ) किंवा शैक्षणिक चाचण्यांचा अनुभव असलेल्या मानसशास्त्रज्ञाने करावी. ती काही तास चालते.

एकदा तपासून हा विषय संपत नाही. बालपणी एकदा, शाळेत जाण्याआधी एकदा, वाचायला शिकण्याकडून वाचून शिकण्याकडे वळण्याच्या सुमारास म्हणजे आठ-नऊ वर्षांचे असताना, माध्यमिक शाळेत जाताना आणि मोठ्यांच्या दवाखान्यात बदली होण्याआधी अशी पाहणी व्हावी. पक्षाघात झाल्यास किंवा एमआरआयमध्ये नवी इजा दिसल्यास वयाची वाट न पाहता ती करावी. एचबी-एससी प्रकारात (एक जनुक सिकलचे, दुसरे हिमोग्लोबिन-सीचे) मेंदूला धोका कमी असतो, पण नसतोच असे नाही. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे सिकलचे एकच जनुक असून आजार नसलेल्या मुलांसाठी मात्र हा खटाटोप नाही. वाहक असणे आणि आजार असणे यांतला फरक शाळेलाही समजावून सांगावा लागतो.

चाचणीचा दिवस

वेदनेच्या झटक्यात, रुग्णालयातून सुटल्याबरोबर किंवा मॉर्फिनसारखे वेदनाशामक चालू असताना घेतलेली चाचणी मुलावर अन्याय करते. मूल पूर्ववत झाल्यानंतर, शक्यतो सकाळी, पोटभर खाऊन-पिऊन ती द्यावी. त्याआधी चष्म्याचा नंबर आणि श्रवण तपासून घ्यावे, कारण सिकलसेलमध्ये डोळ्यांच्या पडद्याला आणि अंतर्कर्णालाही इजा होऊ शकते. मूल घोरते का, झोपेत श्वास अडतो का, हेही डॉक्टरांना सांगावे. चाचणी मुलाच्या वापरातील भाषेत व्हावी आणि त्या सुमाराचे हिमोग्लोबिन किती होते याची नोंद अहवालात असावी, म्हणजे दोन वर्षांनी तुलना करताना सफरचंदाशी सफरचंद ताडता येईल. मुलाला तू पास होशील की नापास अशा भाषेत काही सांगू नये. तुला कसे शिकवले तर सोपे जाईल हे शोधायचे आहे, एवढे पुरे.

अहवाल घेताना मानसशास्त्रज्ञांकडे एक मागणी जरूर करावी: शेवटच्या पानावर शिक्षकांसाठी साध्या भाषेत पाच-सहा सूचना लिहून द्याव्यात. बुद्ध्यंकाचा आकडा वर्गशिक्षकाला काही करायला सांगत नाही.

शाळेला काय सांगावे

शाळेशी पहिली भेट तक्रारीची नसावी आणि ती वर्षाच्या सुरुवातीला व्हावी. सोबत एका पानाचे पत्र द्यावे. आजाराची संपूर्ण कहाणी त्यात नको. मुलाला शिकताना काय जड जाते, वर्गात काय बदल हवेत, तब्येतीसाठी कोणत्या सवलती हव्यात आणि धोक्याच्या वेळी कोणाला फोन करायचा, एवढेच लिहावे. वैद्यकीय माहिती किती जणांना सांगायची, हे मुलाला विचारून ठरवावे. दहा वर्षांच्या मुलाचेही त्याबद्दल मत असते.

वर्गातील बदल फार खर्चिक नसतात. समजा, बाई म्हणतात, "पुस्तक काढा, सत्तेचाळिसावे पान उघडा, तिसरा आणि पाचवा प्रश्न वहीत सोडवा, झाल्यावर वही टेबलावर ठेवा आणि चित्रकलेचे साहित्य बाहेर काढा." स्मृतीचा हा भार न पेलणारे मूल पुस्तक काढते, पान उघडते आणि शेजारच्याच्या वहीत डोकावते. बाईंना ते नक्कल करताना दिसते. प्रत्यक्षात ते पुढची सूचना शोधत असते. याच सूचना फळ्यावर क्रमाने लिहून ठेवल्या, किंवा दोन-दोन करून दिल्या, तर हेच मूल काम पूर्ण करते. वेगाची अडचण असेल तर परीक्षेत वाढीव वेळ आणि सरावासाठी वीसऐवजी दहा उदाहरणे द्यावीत. उदाहरणांची काठिण्यपातळी मात्र कमी करू नये, कारण अडचण समजेची नसून वेगाची आहे. लांब मजकूर उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणे द्यावीत. जागा पुढे, दारा-खिडकीच्या वर्दळीपासून दूर असावी. प्रकल्पाची एकच अंतिम तारीख देण्याऐवजी टप्प्याटप्प्याच्या तारखा द्याव्यात. शिकवलेल्या भागाची लगेच एकदा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने अशी छोटी उजळणी घेतल्यास तो भाग अधिक टिकतो.

तब्येतीच्या सवलती वेगळ्या लिहाव्यात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे मुलाला भरपूर पाणी प्यावे लागते आणि वारंवार जावे लागते. बाटली बाकावर ठेवण्याची आणि न विचारता बाहेर जाण्याची मुभा ही लाडांची गोष्ट नाही. अतिथंडी, कडक ऊन आणि दमछाक टाळून, मध्ये विश्रांती घेत खेळायला हरकत नाही. मैदानाबाहेर बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. डोळ्यांचा पिवळेपणा किंवा उशिरा येणारी वाढ यांवरून चिडवले जात असेल तर शिक्षकांनी ते तिथेच थांबवावे.

गैरहजेरीची व्यवस्था ती होण्याआधी ठरवावी: गृहपाठ कोण पाठवणार, कोणता भाग अत्यावश्यक आणि कोणता सोडून देता येईल. परत आल्यावर पहिल्याच दिवशी बुडालेली परीक्षा घेऊ नये.

आणि एक बाब प्रत्येक शिक्षकाला पाठ असली पाहिजे. चेहरा एका बाजूला झुकणे, हाता-पायातली ताकद अचानक जाणे, बोलणे अडखळणे, आकडी येणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी होणे, यांपैकी काहीही दिसले तर मुलाला आराम करायला पडवून न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि सिकलसेल आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ३८.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप हेही त्याच दिवशी, विनाविलंब डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे.

मोठी मुले

चौदा-पंधराव्या वर्षांपासून योजनेच्या बैठकीत मुलाला स्वतः बसवावे आणि कोणती सवलत उपयोगी पडते, कोणती लाज आणते, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. वाढीव वेळ मिळतो पण सर्वांसमोर नाव पुकारले जाते, म्हणून तो न घेणारी मुले असतात; वेगळ्या खोलीत आधीपासून बसवल्यास हा प्रश्न सुटतो.

या वयात हायड्रॉक्सियुरियाच्या (सिकलसेलवरील रोज घ्यायचे औषध) गोळ्या चुकू लागल्या की घरात बेफिकिरीचा आरोप होतो. ज्या मुलाच्या चाचणीत नियोजन आणि स्मृती दुबळी आढळली आहे, त्याच्या बाबतीत हा आरोप करण्याआधी तो अहवाल पुन्हा वाचावा. अशा मुलाला उपदेशापेक्षा फोनवरचा गजर, आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणि रात्री दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवलेली गोळी अधिक उपयोगी पडते. मोठ्यांच्या दवाखान्यात जाताना हा अहवालही फाइलच्या वरच्या पानावर जावा, कारण नव्या डॉक्टरांनी भरभर सांगितलेल्या चार सूचनांपैकी घरी पोहोचेपर्यंत किती उरतील, हे त्यांना त्यावरूनच कळेल आणि ते त्या लिहून देतील.