जुन्या ईकोचा एसी गार करेना? गॅस भरायच्या आधी एवढं बघून घ्या

जुन्या व्हॅनचा एसी गार करेना झाला की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, गॅस संपला असेल, भरून टाकू. अहो पण गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला? तो बंद पाईपातच गोल फिरत असतो, जळत नाही की खर्च होत नाही, कमी झाला असेल तर कुठूनतरी गळालाय एवढाच अर्थ. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणारा पंप) सीलमधून वर्षानुवर्षं थोडा थोडा जातो हे मान्य, पण मार्चमध्ये भरला आणि मेमध्ये परत गरम हवा असं असेल तर ते सरळसरळ लीक आहे, आणि बऱ्याच वेळा तर बिघाडाचा गॅसशी काही संबंधच नसतो. म्हणून आधी घरीच बघा, एक टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतोय का ते दाखवणारा दिवा) किंवा मल्टीमीटर, एक टॉर्च आणि साबणाचं पाणी एवढ्यात बरंच कळतं. मी इथे मारुतीची ईको धरून लिहितोय कारण २०१० पासूनच्या ईको आता चांगल्याच जुन्या झाल्यात आणि स्कूल व्हॅनपासून दुकानाच्या मालापर्यंत सगळीकडे त्याच दिसतात, पण तवेरा क्वालिसवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू आहे.

पहिलं म्हणजे हवा येतेय पण गरम येतेय, की हवाच कमी येतेय? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीला एसी गेला असंच म्हणतात. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो आणि खालच्या स्पीडला गप्प, तर ब्लोअरचा रेझिस्टर (स्पीड कमी करणारा भाग) जळलाय, स्वस्तातलं काम आहे. सगळ्या स्पीडला आवाज जोरात पण हवा मरतुकडी, तर कूलिंग कॉइल धुळीने बुजलीय, किंवा फिल्टर असेल तर तो बघा. ज्या गाडीत फिल्टरच नाही तिची कॉइल काही वर्षांत केस न् पाला न् धूळ सगळं पकडून बसते. आणि अजून एक प्रकार असतो, सुरुवातीला मस्त गार, मग अर्ध्यापाऊण तासाने हवा कमी कमी होत जाते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत ठीक. म्हणजे कॉइलवर बर्फ जमतोय, कॉइलचा टेम्परेचर सेन्सर कॉम्प्रेसरला वेळेवर कट करत नाहीये किंवा गॅस थोडा कमी आहे.

हवा जोरात आहे पण गरम आहे, तर मग कॉम्प्रेसरचा क्लच बघायचा, पायाखालचा नव्हे, एसी लावला की कॉम्प्रेसरला पुलीशी जोडतो तो. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला, पुढची सीट उचलली की इंजिन दिसतं, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग वरून नीट दिसत नसेल तर बाजूने खालून टॉर्च मारा, पण बेल्ट फिरत असतो, शर्टाची बाही ओढणी मफलर काही लोंबत असेल ते आधी आवरा. इंजिन चालू, एसी बंद, तेव्हा पुली बेल्टबरोबर फिरते पण तिच्या पुढची प्लेट जागेवर उभी असते. आता दुसऱ्याला आत एसीचं बटण दाबायला सांगा. टक असा आवाज येऊन ती प्लेटही पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे आणि इंजिनवर लोड आलेला कळला पाहिजे. प्लेट फिरली तर वायरिंगचा विषय संपला, पुढच्या गोष्टी बघा. नाही फिरली तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे क्लचला करंट जोडणारा डबीसारखा स्विच (शेजारचा तसाच दुसरा रिले असला तर अदलाबदल करून बघायचा, फुकटातली टेस्ट आहे), मग क्लचच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प लागतो पण क्लच ओढत नाही तर क्लचची कॉइल गेलीय किंवा अर्थ खराब आहे किंवा प्लेट झिजून तिच्या आणि पुलीमधला गॅप वाढलाय. क्लचच्या कॉइलचा रजिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम असतो, मीटरने एकदम ओपन दाखवला तर कॉइल मेली. गॅप वाढल्याची खूण अशी की सकाळी गाडी थंड असताना एसी चालतो आणि दुपारी इंजिन तापलं की क्लच पकडत नाही.

लॅम्पच लागत नसेल तर गॅस खरंच कमी असू शकतो, कारण पाईपलाईनवर प्रेशर स्विच असतो आणि गॅस फार कमी झाला की तो कॉम्प्रेसरला करंटच जाऊ देत नाही. काही मेकॅनिक तो स्विच बायपास करून देतात आणि चालू झाला बघा म्हणतात. असं अजिबात करू देऊ नका. कॉम्प्रेसरचं ऑईल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसताना चालवला की तो कोरडा पडून जाम होतो आणि मग त्याचा धातूचा चुरा सगळ्या पाईपात.

आता पंखा. हायवेला गार आणि सिग्नलला गरम, हे लक्षण असेल तर दुसरं काही न बघता पुढे जाऊन कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर सोडणारी रेडिएटरसारखी जाळी) पंखा फिरतोय का ते बघा. गाडी पळताना वाऱ्यानेच कंडेन्सर थंड होतो, उभी राहिली की पंख्याशिवाय इलाज नाही. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरची जाळी बघा, चिखल आणि किडे भरलेले असतात, साध्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) झोपतात. हे एवढं धुणं कितीतरी गाड्यांना गॅसपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

हीटरवाली गाडी असेल तर हीटरचा नॉब पूर्ण थंडवर ठेवूनही त्याची केबल सरकलेली असू शकते, मग एसी बिचारा गार करतो आणि हीटर तीच हवा परत गरम करतो. नॉब फिरवताना खालचा लिव्हर शेवटपर्यंत हलतो का तेवढं बघायचं. तवेरासारख्या मागेपुढे दोन्हीकडे कूलिंग असलेल्या गाडीत मागे एकदम गार आणि पुढे गरम असेल तर कॉम्प्रेसर बहुतेक बरा आहे, दोष पुढच्या बाजूलाच शोधा.

लीक शोधायला डोळे पुरतात बऱ्याच वेळा. गॅसबरोबर ऑईलही बाहेर येतं, त्यामुळे पाईपाच्या जॉइंटवर सगळीकडे कोरडी धूळ आणि एकाच जागी काळपट ओलसर चिकट डाग दिसला की जागा सापडली. तिथे साबणाचं पाणी लावा. गॅस भरायच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून तिथेही लावा, आतली पिन लीक असते आणि कोणी बघतच नाही. आगीने लीक शोधायचं नाही, गॅस ज्योतीवर विषारी होतो, आणि सीएनजीची गाडी असेल तर काडेपेटी मुळात खिशाबाहेर काढूच नका. डॅशबोर्डच्या आतली कॉइल लीक असेल तर मात्र हे घरी दिसणार नाही, फार तर पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी तेलकट दिसेल.

आता गेज, म्हणजे गॅरेजवाल्याचं प्रेशर मोजायचं मीटर. बंद गाडीत ३० डिग्रीला आर-१३४ए गॅसचा काटा ९५-१०० पीएसआयच्या आसपास दाखवतो, पण तेवढा दाखवला म्हणजे गॅस पूर्ण आहे असं नाही, निम्मा असला तरी तेवढाच दाखवेल, म्हणून रीडिंग चालू गाडीतच घ्यायला लावा. ढोबळ मानाने लो साईड (कॉम्प्रेसरकडे परत येणारा गॅस) २५ ते ४५, हाय साईड (कॉम्प्रेसरमधून दाबून निघालेला) उन्हाळ्यात २०० ते २५० च्या घरात. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर गॅस जास्त भरलाय किंवा पंखा नाहीतर कंडेन्सरचं काम आहे. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर थकला. लो पार व्हॅक्यूमकडे गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) चोक.

पाईप उघडायचं काम घरी करू नका, गॅस डोळ्यात किंवा हातावर उडाला तर चटका बसतो, आणि हवेत सोडायलाही तो वाईट, कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. गॅरेजला गेल्यावर आधी लीक काढून द्या म्हणा, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने पाईपातली हवा आणि ओल ओढून काढणं), मग पंप बंद करून काटा थांबतो का ते स्वतः उभं राहून बघा, काटा वर सरकला तर लीक अजून आहे. गॅस बॉनेटखालच्या किंवा सीटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच, वजनकाट्यावर मोजून. लीक बंद करायचं औषध म्हणून जो डबा दाखवतील तो नको म्हणा, त्याने व्हॉल्व्ह बुजतात. आणि फारच स्वस्तात भरून देणारा भेटला तर गॅस कुठला ते विचारा, पेट घेणारा गॅस भरून दिल्याचे प्रकार होतात आणि तो गळला तर गाडीच्या आत येऊ शकतो. सिस्टम उघडीच आहे तर ओ-रिंग (जॉइंटमधल्या रबरी रिंगा) आणि ड्रायर त्याच वेळी बदलून घ्या, नंतर एकट्या ड्रायरसाठी सगळा गॅस परत काढावा लागतो.