वर्गात व्हिडिओ कॉल लावायचाय? आधी आवाजाचं बघा

माझी शाळा माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. गेली काही वर्षं मी वर्गात दुसऱ्या शाळांशी नाहीतर गावाबाहेरच्या माणसांशी व्हिडिओ कॉल लावते, आणि ओळखीचे शिक्षक सारखे विचारतात की मॅडम तुमच्याकडं जमतं मग आमच्याकडं का नाही, म्हणून जे करते ते सगळं एकदाच इथं लिहून टाकते.

पहिला कॉल दापोलीकडच्या एका शाळेशी लावला होता. प्रोजेक्टर झकास, भिंतीवर चित्र मोठं, मला वाटलं झालं काम. पण लॅपटॉपचा स्पीकर केवढासा, आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढं गेलाच नाही, आणि मागं बसलेली एक पोरगी मला हळूच म्हणाली, "बाई, ती पोरं हसत्यात, पण का हसत्यात?" तेव्हापासून माझा नियम एकच, आधी आवाज मग चित्र. चित्र अडकलं तर पोरं दोन मिनिटं थांबतात, आवाज गेला की कॉल संपला असंच समजा.

तर परिपाठाला वापरतो तोच स्पीकर घ्या, ऑक्स वायरनं लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जोडा. ब्लूटूथ नको, मधेच सुटतं आणि आवाजही उशिरा येतो. स्पीकरचं तोंड मुलांकडं ठेवा आणि माइक स्पीकरच्या मागच्या बाजूला, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये घुसत नाही. खोली रिकामी असली की आवाज घुमतो, त्यामुळं सतरंज्या अंथरा, मुलं खाली बसवा, पंखा बंद करा. लॅपटॉपच्या माइकवर विसंबू नका, पंख्याचा आवाज त्यात मुलांपेक्षा जास्त येतो. वायरचा साधा कॉलर माइक स्वस्तात मिळतो, तो लॅपटॉपला चालतो का एवढं घेतानाच बघा. आम्ही तो एका खुर्चीला चिमट्यानं लावतो आणि ज्याला बोलायचंय त्यानं त्या खुर्चीत येऊन बसायचं. यामुळं एकाच वेळी वीस जण ओरडत नाहीत, आणि लाजरं पोरगंसुद्धा खुर्चीत बसलं की बोलतं, कारण आता आपलीच पाळी आहे हे त्याला कळतं.

आता एको. इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल तर चूक आपल्याकडं नसते, समोरच्या खोलीत असते, त्यांच्या स्पीकरचा आवाज त्यांच्या माइकमध्ये जातोय. तेव्हा आपल्या वायरी उपसत बसू नका, त्यांना आवाज कमी करायला सांगा. आणि एका खोलीत एकच यंत्र बोलणारं आणि ऐकणारं पाहिजे. लॅपटॉपवर आवाज आणि फोनवर माइक असं केलं तर अॅपला एको कापता येत नाही. मी फोनसुद्धा कॉलमध्ये घेते पण फक्त कॅमेरा म्हणून, कारण फोनचा कॅमेरा लॅपटॉपपेक्षा कितीतरी चांगला असतो, त्याचा माइक बंद, आवाजही बंद. बोलणं-ऐकणं सगळं लॅपटॉपवरून.

अॅप कुठलं वापरायचं यावर फार डोकं लावू नका. गुगल मीट फुकटात तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटं चालतं, झूम ४० मिनिटं. कॅमेरा म्हणून घेतलेला फोनही एक जण म्हणून मोजला जातो हे लक्षात ठेवा. एकच पाहुणा असेल तर साधा व्हॉट्सअॅप व्हिडिओ कॉलही पुरतो. तसंही मी पंचवीस-तीस मिनिटांच्या वर कॉल नेतच नाही, चौथीच्या मुलांना त्यापुढं बसवणं म्हणजे त्यांचा छळ आहे.

नेट. फायबर असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा हॉटस्पॉट, पण फोन खिडकीत ठेवा आणि शक्यतो यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा, वायफायपेक्षा ते कमी तुटतं. तासाभराला साधारण एक जीबीच्या आसपास डेटा धरून चला, सेटिंगमध्ये व्हिडिओची क्वालिटी कमी केली तर बराच वाचतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला समोरच्या शिक्षकांबरोबर पाच मिनिटांची ट्रायल घ्याच, कारण सकाळी पळणारं नेट दुपारी पळेलच असं नाही. आणि लाइट गेली तर? लॅपटॉप चार्ज असू द्या, मुलांना भोवती गोळा करा. नेटही गेलं तर साधा फोन लावून स्पीकरवर टाका. त्यासाठी दोन्ही शाळांनी आपापले फोटो आधीच एकमेकांना पाठवून ठेवायचे, मग नुसत्या आवाजावरही गप्पा होतात. आमचा एक अख्खा कॉल असा झालाय आणि मुलांना तो अजून आठवतो.

हे झालं यंत्राचं. खरं काम मुलांना तयार करायचं असतं, आणि तिथंच आपण कमी पडतो. पाहुण्याला बोलावून अर्धा तास भाषण ऐकवायचं असेल तर कॉल कशाला, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावा. कॉलमध्ये आपली मुलं बोलली पाहिजेत. आदल्या दिवशी प्रश्न मुलांकडूनच काढून घ्या, फळ्यावर लिहा, कोण कुठला विचारणार ते ठरवा. दुसऱ्या शाळेशी पहिलाच कॉल असेल तर गाव ओळखायचा खेळ घ्या. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांचं गाव ओळखायचं, प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. तुमच्याकडं समुद्र आहे का? तुमचा जिल्हा पुणे विभागात येतो का? नकाशा मधे पसरून ठेवा, पोरं त्यावर अक्षरशः पालथी पडतात. हा खेळ पूर्वी जगभरच्या शाळा मिस्टरी स्काइप म्हणून खेळायच्या, स्काइप २०२५ च्या मे महिन्यात बंद झालं पण खेळ कुठल्याही अॅपवर चालतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून डिसले गुरुजींनी देशोदेशीचे वर्ग जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तीही जिल्हा परिषदेचीच शाळा, हे मी शिक्षकांना मुद्दाम सांगते.

आणि वस्तू दाखवायला लावा. दापोलीच्या शाळेशी दुसरा कॉल झाला तेव्हा विषय पाऊस होता. आमच्या एका मुलानं आजोबांची घोंगडी आणली आणि तिची खोळ करून डोक्यावर घेऊन दाखवली, म्हणाला मेंढरामागं पावसात असंच जायचं. पलीकडून एका मुलीनं इरलं आणलं, पाठीवर घेतलं आणि वाकून भात लावायची नक्कल केली. दोन्हीकडं दोन सेकंद शांतता आणि मग एकदम प्रश्नांचा पाऊस, हे जड असतं का, भिजल्यावर वास येतो का, कशाचं बनवलंय, कोण बनवतं. मला एक शब्द बोलावा लागला नाही. अशा वेळी वस्तू हलवत ठेवायची नाही, कॅमेऱ्यापासून हातभर लांब धरून पाच सेकंद स्थिर ठेवायची म्हणजे फोकस बसतो, आणि दाखवणाऱ्याच्या पाठीमागं खिडकी नको, नाहीतर नुसती काळी सावली दिसते. उजेड तोंडावर पडला पाहिजे.

परदेशातल्या पाहुण्यांची वेळ आधी नीट मोजा. मस्कत-दुबई दीड तास मागं, सोपं आहे. पण न्यूयॉर्कला आपल्या शनिवारच्या सकाळच्या शाळेत आठ वाजता शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ असतात, आणि उन्हाळ्यात साडेदहा, कारण तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात. मोठी माणसं जागी राहतील, तिकडची शाळकरी मुलं नाही.

आता स्नेहसंमेलनाचं लाइव्ह. आमच्या भागातले बरेच बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार केरळ-तमिळनाडूकडं असतात, त्यांना पोराचा नाच बघता यावा म्हणून आम्ही यूट्यूब लाइव्ह करतो. चॅनेल शाळेचं, फोन नंबरनं व्हेरिफाय केलेलं पाहिजे, आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू करताना २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी उठून हे करू नका. फोनवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपच्या वेबकॅमवरून तशी अट नाही. चित्राची क्वालिटी ७२० पी ठेवली तर नेटला साधारण ४ एमबीपीएस अपलोडचा वेग लागतो, तेवढा नसेल तर सरळ ४८० पी ठेवा. फोन स्टँडवर, आडवा. सिनेमाची गाणी लावली तर कॉपीराइटमुळं लाइव्ह मधेच बंद पडू शकतं. आम्ही आता गजीनृत्य, लेझीम, भोंडल्याची गाणी मुलांच्याच आवाजात घेतो, आणि खरं सांगू, बघणाऱ्या आईबापांना तेच जास्त आवडतं. व्हिडिओ मुलांसाठी आहे असं सेटिंग केलं की चॅट बंद होतं, म्हणून बाहेरगावच्या एका पालकाला आधीच सांगून ठेवा की आवाज येत नसेल तर फोन करा.

परवानगीचा विषय हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती धरलेली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ती लेकरं आपल्या भरवशावर शाळेत येतात. जूनच्या पालक सभेतच लेखी संमती घ्या. ज्याचे पालक नाही म्हणतील त्याला कॅमेऱ्यात दिसणार नाही असं बसवा, प्रश्न मात्र त्यालाही विचारू द्या. स्क्रीनवर मुलांची नावं नकोत, शाळेचं नाव पुरे. समोरच्या शाळेला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. लाइव्ह अनलिस्टेड ठेवा, म्हणजे ते यूट्यूबवर शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघू शकतो, त्यामुळं ती स्टेटसला टाकायची नाही.

सध्या आमची पोरं एकाच गोष्टीच्या मागं लागलीत, त्यांना ओहोटी बघायचीय. समुद्र मागं जातो म्हणजे नक्की कुठं जातो, हा प्रश्न. मग वेळ घड्याळ बघून ठरवून चालत नाही. दापोलीच्या शाळेतल्या एका मुलानं खुर्चीत बसून आम्हाला हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, बरोब्बर शाळेच्या वेळेत. आमच्या मुलांनी लगेच कॅलेंडर काढून अष्टमी शोधली आणि त्या चौकटीला लाल पेनानं गोल केला. त्या दिवशी तिकडचे सर फोन घेऊन पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर जाणार आहेत. वाऱ्यानं माइकमध्ये फार खरखर येते, म्हणून त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय की माइकला स्पंजची टोपी नाहीतर पातळ मऊ कापड गुंडाळा आणि पाठ वाऱ्याकडं करून उभे राहा.